वाढीव खोली

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी २८ वर्षे काढली आणि एवढ्या काळात एकही संपूर्ण शाळा बांधली नाही. मी बांधल्या त्या खोल्या. ‘अमुक येथील प्राथमिक शाळेस दोन वाढीव वर्गखोल्या बांधणे’ असे कामाचे नाव अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर असायचे. शाळा मात्र माझ्या आधीच कधीतरी, कुणाच्या तरी हातून उभी राहिलेली असायची. दवाखान्यांचेही तेच. प्रसूतिकक्षाला लागून एक खोली, औषधांसाठी एक शेड, पंचायत समितीच्या मागच्या अंगाला दोन दालने. म्हणून काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, लातूरच्या घरी, पुतण्याने संगणकावर शहर वसवण्याचा खेळ लावला आणि त्यातल्या अग्निशमन केंद्राच्या कुशीला बंबासाठी आणखी एक गॅरेज नुसते नेऊन टेकवले, तेव्हा मी त्याला ते मोडून पुन्हा एकदा करून दाखवायला लावले.

तो खेळ म्हणजे मार्च २०१३ मध्ये आलेला ‘सिमसिटी’. विल राइट यांनी १९८९ मध्ये ज्या नावाने या प्रकारच्या खेळांना खरी चालना दिली, त्याच नावाचा आणि त्याच मॅक्सिस कंपनीचा हा नवा अवतार. बाजारात आला तेव्हा तो इंटरनेटशिवाय चालतच नसे, त्यावरून जगभरच्या खेळाडूंनी बराच आरडाओरडा केला आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, इंटरनेटविना खेळण्याची सोय झाली. त्या वादाशी मला कर्तव्य नाही. मला धरून ठेवले ते त्यातल्या सार्वजनिक इमारतींनी. पोलीस ठाणे, दवाखाना, शाळा, वीजकेंद्र, पाणीउपसा केंद्र, यांपैकी कोणतीही इमारत घेतली तरी आधी तिचा गाभा बसवायचा आणि मग गरज पडेल तसे एकेक अंग तिला जोडत जायचे. ठाण्याला कोठड्या, गस्तीच्या गाड्यांसाठी जागा, हेलिकॉप्टरचा तळ. दवाखान्याला रुग्णखोल्या, रुग्णवाहिकांचे थांबे, तपासणीची प्रयोगशाळा. शाळेला वर्ग आणि बस उभ्या करण्याचे आवार. प्रत्येक अंगाची किंमत वेगळी आणि त्याचा चालू खर्चही वेगळा. अट एकच होती, की नवे अंग मूळ इमारतीला किंवा तिला आधी जोडलेल्या एखाद्या अंगाला भिडलेच पाहिजे आणि तिथली जागा मोकळी पाहिजे.

पुतण्याने पहिले ठाणे भर चौकात, दोन रस्त्यांच्या बेचक्यात बसवले होते आणि उरलेल्या दोन बाजूंना घरे येऊ दिली होती. शहर वाढले, चोऱ्या वाढल्या, कोठड्या भरल्या. पण कोठडी जोडायला बाजूच शिल्लक नव्हती. त्या खेळात शहराला मिळणारा भूखंडच मुळी दोन किलोमीटर लांबी-रुंदीचा, त्यामुळे जागेची चणचण लवकर जाणवते. त्याने क्षणभर विचार केला, शेजारची सहा घरे पाडली आणि कोठड्या बसवल्या. "झालं, काका," तो म्हणाला. भूसंपादनाच्या एका प्रकरणाची फाइल मी सलग नऊ वर्षे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पाहिलेली असल्यामुळे मी काही बोललो नाही.

याआधीच्या खेळांत इमारत अशी वाढत नसे. जानेवारी २००३ मध्ये आलेल्या ‘सिमसिटी ४’ मध्ये शाळेत मुले जास्त झाली तर तिचे अनुदान वाढवायचे. इमारत जशीच्या तशी राहायची, फक्त तिच्यात जास्त मुले मावू लागायची, आणि पैसे देण्यात हात आखडला तर शिक्षक संपावर जायचे. पुतण्याला ते खोटे वाटे, कारण भिंती तेवढ्याच असताना मुले जास्त मावतील कशी? मला मात्र त्यात आमच्याकडच्या दोन पाळ्यांच्या शाळा दिसल्या. खोल्या कमी पडल्या की सकाळी सातला प्राथमिकचे वर्ग आणि दुपारी बाराला माध्यमिकचे, असा मार्ग गावोगाव काढलेला असे. जागा वाढवता आली नाही की माणसे वेळ वाढवतात. अंगे जोडण्याची सोय देणाऱ्या खेळांना मात्र हे सुचलेले दिसत नाही. २०१५ च्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ने तर सरळ मार्ग घेतला होता. त्यातली प्राथमिक शाळा ३०० मुलांची, ती भरली की दुसरी ३०० मुलांची तशीच शाळा दुसरीकडे बांधायची. माझ्या निवृत्तीच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याचा दुसरा भाग आला आणि त्यात पुन्हा जोडअंगे आली. शाळेला वाढीव बाजू आणि खेळाचे मैदान, अग्निशमन केंद्राला गॅरेज. काही अंगे आवारातच बसतात, तर काहींना शेजारची जागा लागते. फिनलंडमधल्या कलॉसल ऑर्डर या कंपनीने हा खेळ केला आहे आणि तो चालवण्यासाठी पुतण्याने पुण्याहून जो संगणक आणला त्याच्या किमतीत माझ्या पहिल्या नोकरीच्या काळी एक वर्गखोली सहज उभी राहिली असती.

एवढे सगळे नवे म्हणून माझ्यासमोर येत होते, आणि माझ्या डोक्यात मात्र एक जुना शब्द घोळत होता, तो म्हणजे खण.

आमच्या भागात घर चौरस फुटांत मोजायची रीत फार अलीकडची. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर पाच खणांचे, सात खणांचे, नऊ खणांचे. आमचे गावचे घर आजोबांच्या वेळी तीन खणांचे होते. धाकट्या चुलत्यांचे लग्न ठरले तेव्हा पूर्वेकडे दोन खण वाढवले, ढेलज पुढे ओढली आणि जुन्या भिंतीतले धान्य साठवायचे बळद मोडून तिथून वाट काढली. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या पट्ट्यांचे किलचे, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचे माळवद, अशी रचना असल्यामुळे छताचा भार सांगाड्यावर असतो आणि कडेचे खांब धरून पुढचा खण जोडता येतो. ज्याला खेळात इतक्या कौतुकाने मांडले आहे ते आमच्या सुतारांना तोंडपाठ होते. घर बांधतानाच कोणत्या अंगाला वाढेल हे ठरलेले असे आणि त्या अंगाला गोठा किंवा कडब्याची गंज ठेवत, म्हणजे जागा मोकळीही राहत नसे आणि अडूनही राहत नसे.

या घरांचा कमकुवतपणा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरातल्या भूकंपात दिसला. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडत गेल्याने छपरे अतिशय जड झाली होती आणि भिंती होत्या मातीत रचलेल्या दगडांच्या. त्या भिंती कोसळल्या. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभाच राहिला. माझ्या नोकरीची सुरुवात पुनर्वसनाच्या कामावर, हंगामी पर्यवेक्षक म्हणून झाली. पूर्णपणे नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांत घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे तीन आकारांची होती : २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखे भूखंड, एकसारखी घरे. खेळाच्या पडद्यावर दिसते तसेच ते गाव दिसे. एका म्हाताऱ्या बाईने नव्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून मला विचारले, "साहेब, ह्यात खण किती?" मी २५० चौरस फुटांचा हिशेब सांगू लागलो, तर तिने हात हलवला. किती मोठे आहे हे ती विचारत नव्हती. पुढचा खण कुठे निघेल हे तिला हवे होते, आणि त्या सिमेंटच्या पेटीत ते कुठेच लिहिलेले नव्हते. पाचसात वर्षांनी मी तिकडे गेलो तेव्हा बहुतेक घरांना पत्र्याच्या पडव्या फुटलेल्या होत्या, चुली बाहेर आल्या होत्या आणि त्या सरळ रस्त्यांच्या कडा वाकड्या झाल्या होत्या.

पडद्यावरच्या अंगाला एक सुख असे आहे की ते चिकटते आणि संपते. रंग एक, उंची एक, जोते एक. आमच्याकडे खरे काम तिथून सुरू होते, कारण मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तीच माती पायाखालीही असते. जुनी खोली तीस-चाळीस वर्षांत जेवढी बसायची तेवढी बसलेली असते. तिला लागून नवी खोली बांधली की नवी खोली आता बसू लागते आणि जुनी जागची हलत नाही. दोन्हींच्या भिंती एकमेकींत गुंतवल्या तर पहिल्याच वर्षी कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जायचे किंवा खाली फुगीर बुंध्याचे खांब उतरवायचे, आणि जुन्या-नव्याच्या मध्ये इंचभर फट सोडून सांधा राखायचा, हा नियम. पण पुस्तकातल्या या सांध्याचे गावात काय होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. ठेकेदाराला ती फट चूक वाटते, सरपंचांना ती निष्काळजीपणा वाटते, आणि मी दुसऱ्या गावी असताना कुणीतरी तिच्यात सिमेंटचा माल भरून वरून गिलावा करून टाकते. जून उजाडला की छतातून नेमके तिथूनच पाणी गळते आणि मुख्याध्यापक पत्र लिहितात की नवीन बांधकाम निकृष्ट दर्जाचे आहे.

जोत्याचेही तसेच. माझ्या ताब्यातल्या एका शाळेला एकाच ओळीत चार खोल्या होत्या आणि चार जोती होती. पहिली निजामाच्या राजवटीतली, घडीव दगडाची, गुडघाभर उंच. दुसरी पत्र्याची, जमिनीसरशी. तिसरी सर्व शिक्षा अभियानातली. चौथी स्थानिक विकास निधीतली, तिच्यावर खोलीपेक्षा मोठी वाटावी अशी नावाची पाटी. व्हरांड्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना चार वेळा चढउतार करावी लागे आणि मध्यान्ह भोजनाचे पातेले घेऊन जाणाऱ्या बाई त्या प्रत्येक पायरीला एकेक नाव ठेवत. मी तिथे उतार करून घेतला, तो खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर दोन महिने पत्रव्यवहार झाला. खेळाच्या रचनाकारांना एवढेच सांगावेसे वाटते की इमारत वाढवण्यात नवी खोली हा सोपा भाग आहे.

नियमांच्या बाबतीत मात्र आमचे जग खेळापेक्षा कमी यांत्रिक नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत आणि ६१ वे मूल आले की तिसरा. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. म्हणजे एकसष्टाव्या मुलाबरोबर कागदावर एक खोली जन्माला येते. आरोग्याकडे सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे सहा खाटा, त्याच्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, आणि त्याची पायरी वाढवायची तर त्याला ‘श्रेणीवर्धन’ म्हणतात. हा शब्द मी पुतण्याला सांगितला तेव्हा तो त्याला फार आवडला. खेळातल्या बटणावर हाच लिहायला पाहिजे, असे त्याचे मत पडले. फरक असा की खेळात रुग्णखोली जोडली की तिच्यासोबत परिचारिका येतात, बस-आवार जोडले की चालक येतात. आमच्याकडे भिंती एका खात्याच्या मंजुरीने येतात आणि माणसे दुसऱ्या फायलीतून, ज्या फायलीचे नाव पदनिर्मिती. एका तालुक्याच्या गावी वीस खाटांची वाढीव इमारत आम्ही वेळेत पूर्ण करून दिली. रंग झाला, नळांना पाणी आले, कुलूप लावले. पदे मंजूर होईपर्यंत ते कुलूप दोन वेळा गंजून बदलावे लागले. आतल्या पहिल्या दालनात मधल्या काळात निवडणुकीचे साहित्य ठेवले जात होते, त्यामुळे इमारत अगदीच निरुपयोगी होती असेही म्हणता येणार नाही.

जागेकडे पुन्हा येतो, कारण खेळाने मला काही दाखवले असेल तर ते हेच. तिथे दहा-पंधरा वेळा शहर फसल्यावर खेळाडू आपोआप शिकतो की दवाखाना बसवताना त्याच्या दोन बाजू रिकाम्या सोडायच्या. ती रिकामी जागा तोट्याची असते, तिच्यातून कर येत नाही, शेजारी घरांची मागणी वाढत असते आणि तरी ती राखायची. बांधकामाचे दर ठरवून देणाऱ्या आमच्या दरसूचीत हजारो बाबी आहेत, खोदाईपासून पाटीच्या रंगापर्यंत. मोकळी जागा राखणे ही बाब मात्र कुठेच नाही, त्यामुळे तिचे अंदाजपत्रक होत नाही आणि म्हणून तिचे रक्षणही कुणाच्या कामात येत नाही. बाजारपेठेच्या गावांत शाळेची रस्त्याकडची बाजू सर्वांत आधी जाते. उत्पन्नवाढीसाठी गाळे बांधायचे ठरते, गाळ्यांच्या भाड्यातून शाळेची दुरुस्ती होईल असे ठरावात लिहिले जाते, आणि काही वर्षांनी शाळेला दोन खोल्या हव्या असतात तेव्हा समोर मोबाइलची दुकाने आणि मागे नाला असतो. असा एक आराखडा माझ्याही सहीने गेलेला आहे. गाळ्यांचे काम दर्जेदार झाले होते, ही त्यातली वाईट गोष्ट. खराब झाले असते तर एव्हाना पाडता आले असते.

कमी होण्याचा विचार खेळांनी फारसा केलेला नाही आणि आम्हीही नाही. तिथे जोडलेले अंग नको झाले तर एका टिचकीत जाते. इकडे निकामी खोली पाडायची तर आधी तिचे निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून तिला काढणे, व्हावे लागते : अभियंत्याचा दाखला, मूल्यांकन, समितीची मान्यता, मग लिलाव. तोवर ती खोली ‘धोकादायक, आत जाऊ नये’ असे लिहून मुलांच्या मैदानात उभी असते. दोन हजारच्या दशकात मी बांधलेल्या कितीतरी खोल्या आज बंद आहेत, कारण त्या गावांतली मुले त्यांच्या आईबापांबरोबर ऊसतोडीला तरी जातात किंवा लातुरात खोली करून शिकवणीला तरी राहतात. त्याच लातुरात भाड्याच्या एकेका खोलीत चार-चार पोरे आहेत. वर्ग इथे आहेत आणि मुले तिथे. पुतण्या म्हणाला की खेळात अशा वेळी बस जोडतात. सूचना वाईट नाही.

‘सिमसिटी’तल्या नगरभवनाची गंमत मला सगळ्यांत उशिरा कळली. लोकसंख्या वाढली की नगरभवन मोठे होते आणि त्याला एक खाते जोडता येते, अर्थ, शिक्षण, सुरक्षा, वाहतूक असे. आणि एका शहराने जोडलेल्या खात्याचा लाभ त्या प्रदेशातल्या शेजारच्या शहरांनाही मिळतो. हे ऐकताना मला आमच्या भागातली जिल्ह्यांची विभागणी आठवली. १९८१ मध्ये जालना वेगळा झाला, १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर निघाला, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली. आपण खाते जोडत नाही, नवे नगरभवनच काढतो. शाखा फुटते, तिला मुळे फुटेपर्यंत ती कुणाच्या तरी वाड्यात, शाळेच्या रिकाम्या वर्गात, धर्मशाळेत भाड्याने बसते. टपाल मात्र पहिल्या दिवसापासून नव्या पत्त्यावर येते. मी एका नव्या तालुक्याच्या कार्यालयात काम केले आहे जिथे मोजमाप पुस्तिका ठेवायचे कपाट पूर्वी कुणाच्या तरी देवघरातले होते आणि त्याच्या फळीवर कुंकवाचे बोट उठलेले होते.

निवृत्तीनंतर मी स्वतः एक शहर वसवले आहे. नवव्या प्रयत्नात ते टिकले. पुतण्या पुण्याहून फोनवर विचारतो की लोकसंख्या किती झाली, आणि आकडा सांगितला की हसतो, कारण त्याच वेळात त्याचे शहर माझ्या चौपट झालेले असते. माझ्या शहरात शाळेच्या पूर्वेला एक पट्टा मोकळा आहे, दवाखान्याच्या मागे एक आहे, पाण्याच्या टाकीजवळही आहे. त्यांवर मी झाडे लावून ठेवली आहेत. खेळ मला वारंवार दाखवतो की तिथे घरांना मागणी आहे.

लातूरचे आमचे घर मी २००१ मध्ये बांधले. पाया वरच्या आणखी एका मजल्याचा धरला आणि गच्चीवर सगळ्या कॉलमच्या सळया तीन-तीन फूट वर सोडल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, पुतण्या पुण्यात स्थिरावला. वरचा मजला कुणासाठी, हा प्रश्न आता घरात कुणी विचारत नाही. त्या सळयांना बायकोने दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांवर कपडे वाळतात. उन्हाळ्यात त्याच सळयांना जुनी साडी ताणून खाली कुरडया पडतात. उघडी सळई गंजत जाते आणि गंज खाली कॉलमात उतरतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी, पावसाच्या आधी, मी तारेच्या ब्रशने त्या घासतो आणि सिमेंटचा पातळ घोळ लावतो. यंदा मे महिन्यात बारा सळया झाल्या, पश्चिमेकडच्या चार राहिल्या आहेत, कारण तिकडच्या दोऱ्या बायको सोडू देत नाही.